आठशे पानांची एक, की दीडशेच्या पाच? यंदाची कादंबरी निवडताना

जानेवारीत 'यंदा २५ पुस्तकं' असा आकडा धरला की त्याचा पहिला फटका जाड कादंबरीला बसतो. दीडशे पानांचं पुस्तकही एक आणि आठशे पानांचंही एकच. मग हात आपोआप बारीक पुस्तकाकडे जातो, आणि 'सातपाटील कुलवृत्तांत' किंवा 'हिंदू' कपाटात तशीच राहते. म्हणून आधी कादंबऱ्या निवडाव्यात आणि लक्ष्य त्यांच्यावरून ठरवावं. खाली दोन जोड्या शेजारी ठेवून पाहिल्या आहेत, शिवाय चार कादंबऱ्यांची थोडक्यात नोंद आहे. सगळ्या मराठी, मिळायला सोप्या, आणि नाशिकच्या वाचकाला कुठे ना कुठे जवळच्या.

जाड जोडी: 'हिंदू' की 'सातपाटील कुलवृत्तांत'?

भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू – जगण्याची समृद्ध अडगळ' २०१० साली आली. पानं सहाशेच्या आसपास. रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' २०१९ची; ती आठशेच्या जवळ जाते. दोन्ही कादंबऱ्या एका कुटुंबाच्या आडून शेकडो वर्षांचा महाराष्ट्र उभा करतात. त्यामुळे 'दोन्ही एकाच प्रकारच्या' असं सांगणारे भेटतात. वाचायला बसल्यावर मात्र त्या अगदी वेगळ्या निघतात.

'हिंदू'मध्ये काळ एका माणसाच्या डोक्यात साठलेला आहे. खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं आणि तो खानदेशातल्या गावी निघतो. एवढ्या धाग्यावर आठवणी, नातेवाईक, जाती, शेती, लोककथा, ओव्या यांचे थरावर थर चढत जातात. उत्खननात जसा एकाखाली एक थर लागतो, तशीच ही मांडणी आहे. तिचा जोर इथेच आहे आणि नवा वाचक अडखळतो तोही इथेच. थांबायच्या जागा ठळक नाहीत. रोज पाच-सहा पानं वाचली तर कालची आत्या कोणती आणि आजची मावशी कोणती याचा घोळ होतो, आणि दीडशे पानांच्या आत पुस्तक मिटलं जातं. ही कादंबरी आठवड्यातून दोन लांब बैठकींत, एका वेळी चाळीस-पन्नास पानं, अशी वाचावी. मधले दिवस मोकळे सोडले तरी चालतात, पण बैठक लांब हवी.

'सातपाटील'मध्ये काळ पिढ्यांमध्ये वाटलेला आहे. देवगिरीच्या यादवांच्या अखेरच्या काळापासून आजपर्यंतची साधारण सातशे वर्षं एकेका पूर्वजाच्या गोष्टीतून पुढे सरकतात. एकेका पाटलाची गोष्ट बऱ्यापैकी स्वतंत्र आहे. एक संपली की आठ दिवस थांबून दुसरी सुरू केली तरी काही बिघडत नाही. म्हणून पानं जास्त असूनही रोज थोडं वाचणाऱ्याला हीच जास्त झेपते. इथली अडचण निराळी: नावं आणि नाती. पहिल्या पानापासून पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वंशवेल काढत जा – नाव, कोणाचा कोण, कुठे राहिला, कोणत्या राजवटीत. दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर अर्ध्या वाटेवर मागची पानं उलटण्यात त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

भाषेचं काय? 'हिंदू'तली खानदेशी वळणं मालेगाव, जळगाव, धुळ्याकडचं कोणी घरात असेल तर पहिल्या पन्नास पानांतच सरावाची होतात. नसेल तर संवाद मोठ्याने वाचून पाहा, अर्थ कानाला आधी लागतो. 'सातपाटील'ची भाषा नगर-संगमनेरच्या बाजूची. पठारे स्वतः संगमनेरला प्राध्यापक होते. सिन्नर ओलांडून पुण्याच्या रस्त्याने गेलेल्या कोणालाही तो मुलूख आणि ती बोली ओळखीची वाटेल.

दोन्हींपैकी एकच घ्यायची असेल तर आमचं मत असं. इतिहासाची आवड आहे आणि दिवसाला अर्धाच तास मिळतो, त्यांनी 'सातपाटील' घ्यावी. आयुष्यात गाव सोडलेलं आहे, ते मागे का ओढतं हा प्रश्न ज्यांचा स्वतःचा आहे आणि शनिवार-रविवार मोकळे आहेत, त्यांनी 'हिंदू'. नेमाडे यांचीच 'कोसला' आवडली म्हणून 'हिंदू' आवडेलच असं समजू नये. 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर तिरकस आणि थोडक्यात बोलतो, खंडेराव सांगत सुटतो. त्याउलट 'कोसला' आवडली नाही म्हणून 'हिंदू' बाद करू नये. लोककथा आणि शेतीच्या तपशिलात रमणारा वाचक तिथे छान रुळतो.

एकाच विषयाच्या दोन: 'झाडाझडती' आणि 'रिंगाण'

गोदावरीचं पाणी गंगापूर धरणातून नाशिककरांच्या नळाला येतं. दारणा, मुकणे, वैतरणा ही नावं इथे पावसाळ्यात रोज बातम्यांत असतात, किती टक्के भरलं म्हणून. धरणाखाली गेलेल्या गावाची गोष्ट या शहरातल्या वाचकाने वाचलेली असावी असं आम्हाला मनापासून वाटतं. त्यासाठी या दोन कादंबऱ्यांइतकी उपयोगी जोडी दुसरी नाही, कारण विषय एक असूनही कादंबरी म्हणजे काय याची त्यांची उत्तरं पूर्ण वेगळी आहेत.

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' १९९१ची. तिला १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला तोच पुरस्कार २०२३ साली मिळाला. म्हणजे मधे तीस वर्षं गेली आणि प्रश्न तिथेच.

'झाडाझडती' अख्ख्या गावाची आहे. खैरमोडे गुरुजींसारखी सरळ माणसं, पुढारी, दलाल, अधिकारी, कोर्ट, मोबदला, पर्यायी जमीन. पुनर्वसनाची यंत्रणा कशी चालते आणि माणूस तिच्यात कुठे चिरडतो हे ती पायरी-पायरीने दाखवते. लेखक स्वतः महसूल प्रशासनात होते, त्यामुळे नोटीस, वाटप, दाखले यांचा तपशील नेमका आहे. पानं चारशेहून अधिक असली तरी घटना वेगाने घडतात आणि तासाला तीस पानं सहज होतात. सात-बारा, भूसंपादन, समृद्धी महामार्गात गेलेली जमीन हे शब्द ज्यांच्या घरात बोलले गेले आहेत त्यांना ही कादंबरी सोडवणार नाही. तिची उणीव सांगायची तर माणसं कधीकधी चांगली आणि वाईट अशा दोन रांगांत उभी राहतात.

'रिंगाण' पुनर्वसन होऊन गेल्यानंतर सुरू होते. गाव उठलं, माणसं दुसरीकडे वसवली गेली. मागे राहिलेली म्हैस आणायला एक माणूस त्या ओस गावाकडे परत जातो. जनावर आता रानटी झालेलं आहे. पुढची जवळजवळ सगळी कादंबरी माणूस, म्हैस आणि रान यांच्यातली आहे. दोनशेच्या आतली पानं पाहून 'एका रविवारात उरकू' असं ठरवणारे इथे फसतात. पन्हाळ्याकडची बोली, संवाद कमी, वर्णन दाट, आणि पानापानावर नजर थांबते. तासाला अठरा-वीस पानं धरा. पहिल्या तीस पानांत 'काहीच घडत नाही' असं वाटलं तर घटना शोधणं थांबवा आणि माणसाच्या हालचाली, वास, आवाज यांकडे लक्ष द्या. कादंबरीचा सगळा भार तिथे आहे.

जमत असेल तर दोन्ही वाचाव्यात, आधी 'झाडाझडती', मग लगेच 'रिंगाण'. क्रम उलटा केला तर 'झाडाझडती' उगीच बोलकी वाटू लागते. एकच घ्यायची तर वाचनाची सवय मोडलेल्याने 'झाडाझडती' घ्यावी. नियमित वाचणाऱ्याने, आणि कविता वाचणाऱ्याने तर नक्कीच, 'रिंगाण'.

थोडक्यात चार

'बनगरवाडी' (१९५५, व्यंकटेश माडगूळकर): दीडशे पानांच्या आत, माणदेशातली धनगरवाडी, एक कोवळा मास्तर. बऱ्याच वर्षांनी मराठीकडे वळणाऱ्याने पहिलं पुस्तक हेच घ्यावं. दोन बैठकी पुरतात.

'धग' (१९६०, उद्धव शेळके): कौतिकची गोष्ट. नवरा कुचकामी, पुढे महारोगाने ग्रासलेला, आणि संसार तिच्या एकटीच्या खांद्यावर. वऱ्हाडी संवाद हीच तिची ताकद. नाशिककडच्या कानाला पहिली वीस पानं जड जातात, त्यानंतर दुसऱ्या कुठल्या भाषेत ही बाई बोलूच शकली नसती हे पटतं. मन आधीच खचलेलं असताना मात्र सुरू करू नये.

'बारोमास' (२००२, सदानंद देशमुख): शिकलेला, नोकरी न मिळालेला एकनाथ आणि कोरडवाहू शेती. साहित्य अकादमी पुरस्कार २००४. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेच्या अनुभवाने ही वाचायला घेतली तर धक्का बसेल. इथे ठिबक नाही, निर्यात नाही. बुलढाण्याकडचं पावसावरचं रान आहे. शेतकरी कुटुंबातल्या तरुणाला एकच कादंबरी भेट द्यायची असेल तर आम्ही ही देऊ.

'कोसला' (१९६३): विशीत वाचलेली असेल तर चाळिशीत परत वाचा. कॉलेजच्या गमती तेव्हा लक्षात राहिल्या होत्या. आता बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं मागे उरतील.

आता लक्ष्य: पुस्तकं मोजायची, पानं की वेळ?

आधी आपला वेग काढा. मराठी कादंबरीतली मधली दहा पानं घ्या, सुरुवातीची नको, आणि घड्याळ लावून नेहमीसारखी वाचा. सरळ प्रमाण मराठीला बहुतेकांना वीस मिनिटं लागतात, म्हणजे तासाला तीस पानं. बोलीतल्या दाट गद्याला तीस मिनिटं, म्हणजे तासाला वीस.

आता हिशोब. रोज १२ पानं, वर्षात ३०० दिवस. ६५ दिवस सुटीचे धरलेत, कारण परीक्षा, लग्नं, आजारपण, द्राक्षाचा हंगाम हे येणारच. १२ गुणिले ३०० म्हणजे ३६०० पानं. त्यातून 'सातपाटील'ची ८०० आणि 'हिंदू'ची ६०० वजा केली की २२०० उरतात. सरासरी २२० पानांच्या दहा कादंबऱ्या त्यात बसतात. म्हणजे दोन जाड आणि दहा मध्यम, एकूण बारा, आणि त्यासाठी रोज चोवीस ते छत्तीस मिनिटं. पुस्तकांची संख्या धरून चालणाऱ्याला 'बारा' हा आकडा लहान वाटेल, पण पंचवीस बारीक पुस्तकांच्या वर्षात जे वाचलं जात नाही ते या वर्षात वाचून होतं.

पानांच्या लक्ष्यातही एक खोट आहे: 'रिंगाण'सारख्या कादंबरीवर ते घाई करवतं. तिथे त्या आठवड्यापुरती पानं सोडून वेळ मोजा, रोज तीस मिनिटं, पानं होतील तेवढी. फक्त वेळ मोजणं वर्षभर चालत नाही, कारण मोबाइल शेजारी ठेवून पुस्तक उघडं धरलेली तीस मिनिटंही मोजली जातात.

दिवाळी अंकांचे पाच-सहा आठवडे या हिशोबाबाहेर ठेवा. त्या काळात जाड कादंबरी सुरू केली तर दोन्ही अर्धवट राहतात.

सोडून द्यायचा नियमही आधीच ठरवून ठेवा: बारीक कादंबरीला ४० पानं, जाड कादंबरीला १००. तेवढ्यात धागा लागला नाही तर खूण ठेवून बाजूला करा आणि वाचलेली पानं हिशोबात धरा. ती धरली नाहीत तर नावडतं पुस्तक केवळ आकड्यासाठी ओढलं जातं आणि महिनाभर वाचनच थांबतं. सवय मोडते ती अशीच.

विकत की वाचनालयातून?

१२ पानांच्या वेगाने 'सातपाटील'ला ६७ दिवस लागतात. वाचनालयाची परतीची मुदत कितीही वाढवली तरी हे बसणार नाही, शिवाय वंशवेल वाचनालयाच्या पुस्तकावर काढता येत नाही. जाड दोन विकत घ्या. दोनशे पानांच्या आतल्या कादंबऱ्या दोन-अडीच आठवड्यांत होतात, त्या वाचनालयातून आणा. १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं सावाना, त्यासाठी आहेच. 'धग', 'बनगरवाडी' यांसारखी जुनी नावं तिथे आधी विचारावीत.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला रोज जाणाऱ्या पासधारकांना एका बाजूला साडेतीन तास मिळतात, म्हणजे शंभर पानांचा वेळ. पण आठशे पानांचं पुस्तक उभ्याने एका हातात धरता येत नाही, आणि कसाऱ्याच्या घाटात बोगदे लागले की दाट मजकूर तुटतो. गाडीत 'झाडाझडती' किंवा 'बारोमास' ठेवा. 'हिंदू' घरच्या टेबलावर राहू द्या. दोन कादंबऱ्या एकाच वेळी चालवायच्या तर त्यांचे मुलूख वेगळे असावेत. 'झाडाझडती' आणि 'रिंगाण' एकीनंतर एक न घेता एकाच वेळी चालवल्या तर कोणतं गाव कुठे बुडालं याचीच सरमिसळ होते.

आणि सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्यांसाठी: रात्रपाळीच्या आठवड्यात पानं मोजूच नका. त्या आठवड्यात मोठ्याने वाचायला 'बनगरवाडी'तलं एखादं प्रकरण घ्या, घरातलं कोणीतरी ऐकायला बसेल.