लंडनच्या लाकडी ट्रॅकवर, बिनब्रेकच्या सायकलवर

लंडनमध्ये सायकल चालवायला सगळ्यात सुरक्षित जागा कोणती असं कुणी विचारलं, तर मी स्ट्रॅटफर्डच्या ली व्हॅली व्हेलोपार्कचं नाव घेतो. लोक हसतात, कारण तिथल्या ट्रॅक सायकलींना ब्रेकच नसतात.

२०१२च्या ऑलिंपिकसाठी बांधलेला हा २५० मीटरचा बंदिस्त ट्रॅक सैबेरियन पाइनच्या पट्ट्यांचा आहे. सरळ भागात कल १२ अंश, वळणावर ४२. आकड्यावरून कल्पना येत नाही. वळणाच्या पायथ्याशी उभं राहिलं की समोर चक्क भिंत दिसते. नवखा माणूस तिथे घाबरून वेग कमी करतो आणि नेमका तेव्हाच घसरतो. ताशी तीस किमीच्या आसपास असलात तर चाकं लाकूड सोडत नाहीत.

खरी सवय करावी लागते ती पायांना. गिअर फिक्स्ड, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. जरा पाय थांबवायला गेलात की सायकल तुम्हाला सीटवरून उचलते.

मग सुरक्षित कसं? कारण पुढचा काय करणार हे मागच्याला ठाऊक असतं. सगळे एकाच दिशेने फिरतात, ओलांडायचं ते बाहेरून, म्हणजे उजवीकडून, आणि मागे वळून पाहिल्याशिवाय कुणी रेघ सोडत नाही. रांगेतला पहिला वळणावर वर चढतो, बाकीचे खालून निघून जातात आणि तो अलगद शेपटाला येऊन चिकटतो. प्रशिक्षणाचे चार टप्पे पार केल्याशिवाय रेसमध्ये घेत नाहीत, हे मला आधी जाचक वाटायचं. आता वाटतं, रस्त्यावरही असंच हवं!

रेसमध्ये माझी आवडती एलिमिनेशन. ठरावीक फेऱ्यांनी शेवटचा बाद, आणि बघतात ते मागचं चाक. तिथे पिकल्या केसांचे लोक शांतपणे वरच्या बाजूने येतात आणि आम्हा तरण्यांना आत कोंडून बाद करतात. एरवी सायकलला कुठल्या मापाचा गिअर बसवून घ्यावा ते हेच लोक आपणहून सांगतात. ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्सने २०१५मध्ये याच ट्रॅकवर तासाभरात ५४.५२६ किमी कापले होते. आमच्या गप्पांत तो आकडा येतोच.

निसर्ग बघत रमतगमत फिरणाऱ्यांना इथे कंटाळा येईल. त्यांच्यासाठी बाहेर सुमारे १.६ किमीचा डांबरी सर्किट आहे. भारतात हौस भागवायची तर दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये असाच लाकडी ट्रॅक आहे.

पहिल्या सत्राला सायकल, बूट, हेल्मेट भाड्याने मिळतं. हातमोजे मात्र न्याच, पडलात तर लाकडाची कुसळं तळहातात शिरतात.