ज्येष्ठमध काडीच घ्या, पावडर नको (मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानाचा अनुभव)

मी शाळेत शिकवते, दिवसाला सहा तास, त्यात खडूची धूळ आणि ६० पोरांच्या वर आवाज काढायचा, त्यामुळे थंडी सुरू झाली की माझा घसा कोरडा पडतोच. खोकला नाही, ताप नाही, नुसतं खरखर, आणि चौथ्या तासाला आवाज फाटायला लागतो. गोळ्या चघळून कंटाळले होते, चघळेपर्यंत बरं, संपली की परत तेच.

आधी ऑनलाइन ज्येष्ठमध पावडर मागवलेली, पैसे वाया. रंग मातकट, गोडी जवळपास नाही, आणि तोंडात टाकली की टाळूला चिकटून उलट ठसकाच लागायचा. मग सासूबाई म्हणाल्या अगं मंडईत जा, काष्ठौषधीवाल्याकडून काडी आण.

पुण्यात मंडईजवळ अशी जुनी दुकानं आहेत, त्यातल्याच एका छोट्या दुकानात गेले. आत शिरलं की ओवा, वेखंड, सुंठ सगळ्याचा मिळून एक वास येतो. काकांनी काडी मोडून आतला पिवळा भाग दाखवला, म्हणाले आत असा पिवळा आणि रेषारेषांचा पाहिजे, काळपट असेल तर घेऊ नका. ५० ग्रॅम घेतलं, महिना झाला अजून आहे. पण मला सगळ्यात आवडलं ते हे की पुडी बांधायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, घरात कुणाला बीपी आहे का?" सासऱ्यांना आहे म्हटल्यावर स्पष्ट सांगितलं की त्यांना देऊ नका. आणि ते बरोबरच आहे, ज्येष्ठमध जास्त दिवस खाल्लं की अंगात मीठपाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं. गरोदर बायकांनीही टाळावं. आपला माल विकायचा सोडून असं सांगणारा दुकानदार मला तरी पहिल्यांदाच भेटला.

वापरायचं कसं तर करंगळीच्या पेराएवढा तुकडा गालात धरायचा, चावायचा नाही. पहिली दोन मिनिटं लाकूड चोखतोय असं वाटतं, मग हळूहळू गोडी उतरते आणि बराच वेळ टिकते. ही गोडी साखरेची नसते, ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनची असते आणि ती साखरेच्या कितीतरी पट असते. तोंडाला पाणी सुटत राहतं आणि घशाला ओलावा मिळतो, माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. मी दुसऱ्या तासानंतर एक तुकडा धरते, दिवसाला दोनच, आणि आठवडाभर घेतलं की मध्ये काही दिवस बंद.

काकांकडे कंकोळही (मिऱ्यासारखे दाणे असतात ते) मिळतं, तेही आणलं, पण ते तिखट लागतं आणि तोंड गार पडतं, मला झेपलं नाही. गाणाऱ्या मैत्रिणीला मात्र तेच आवडतं. ती विड्यात गुंजेचा पालाही घालते, पाला गोड असतो, पण गुंजेच्या बिया विषारी, लहान मुलं असतील तर बिया घरात आणूच नका. रात्री कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या चालूच आहेत, पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ, त्याला पर्याय नाही. मध पण चांगला, फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात चाटवू नका, आजी कितीही म्हणाली तरी.

आणि आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेलाच राहिला तर काड्या चघळत बसू नका, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्या स्टाफरूममध्ये एकीने फार उशीर केला होता.

दुकानाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कमी कारण माल कागदाच्या पुडीत देतात आणि पावसाळ्यात त्याला बुरशी लागणार, घरी आल्याआल्या काचेच्या बरणीत भरा. दुपारी १ ते ४ बंद असतं, मी दोनदा परत आले.