परवानग्यांचं सॉफ्टवेअर: एक पावसाळा काढल्यावर

सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाचं बिल आलं, दर गेल्या वर्षापेक्षा चांगलाच चढलेला, म्हणून लिहायला बसलो. बांधकाम परवानग्यांचा पाठपुरावा ठेवणारं हे सॉफ्टवेअर काय करतं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमचं बोरिवलीतलं छोटं आर्किटेक्ट ऑफिस, काम चारकोपच्या एका सोसायटीच्या पुनर्विकासाचं. प्लॉटच्या मागे नाला, त्याला लागून तिवरं. म्हणजे सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राच्या परवानगीची) फाइल एका टेबलावर, पर्जन्यजल वाहिन्यांची दुसऱ्या टेबलावर, आणि एकीत काय चाललंय याचा दुसरीला पत्ता नाही.

आधी माझं रडगाणं ऐका: लेव्हलचा, म्हणजे जमिनीची-पाइपची उंची भरायचा रकाना. आकडा टाकायला जागा एकच, आणि तो कुठल्या शून्यापासून मोजलाय हे विचारायची सोय नाही. मुंबईत असं चालतं का? महापालिकेच्या कागदांवर टाउन हॉल डेटम, म्हणजे टीएचडी. आमच्या सर्व्हेअरचा नकाशा समुद्रसपाटीपासून. भरतीचं कोष्टक तिसऱ्याच शून्यावर, चार्ट डेटमवर. आयओडीतली, म्हणजे पालिकेच्या सुरुवातीच्या सशर्त मंजुरीतली, नेहमीची अट पाहा: सखल प्लॉट ९२ टीएचडीपर्यंत किंवा शेजारच्या रस्त्यापेक्षा ६ इंच वर, जे जास्त असेल तिथपर्यंत भरायचा. हे ९२ फूट समुद्रापासून नव्हेत, टीएचडीचा शून्यच समुद्राच्या बराच खाली आहे. आम्ही ड्रेनेजवाल्याच्या इन्व्हर्ट लेव्हल (पाइपच्या आतल्या तळाची उंची) आणि सर्व्हेअरच्या जमिनीच्या लेव्हल एकाच रकान्यात भरल्या, तर सॉफ्टवेअरने काढलेल्या उभ्या छेदाच्या नकाशात शेवटचं चेंबर प्लॉटच्या कित्येक मजले वर तरंगताना दिसलं. सोसायटीच्या सेक्रेटरी काकूंनी तो कागद पाहून विचारलं, "हे पाणी वर चढवणार आहात का?"

सपोर्टला कळवलं. "सर, फीचर रिक्वेस्ट टाकली आहे." ती अजून टाकलेलीच आहे. एक ड्रॉपडाउन द्यायचा आहे हो, चांद्रयान सोडायचं नाहीये. तोवर आमचे ड्राफ्ट्समनकाका प्रत्येक आकड्यापुढे शेऱ्याच्या चौकटीत 'टीएचडी' टाइप करत बसतात.

आणि हा नुसता कागदाचा घोळ नाही. पाइपचा व्यास काढायला आत कॅल्क्युलेटर आहे, त्यात तासाला ५० मिमी पाऊस धरता येतो. ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे पालिकेच्या पर्जन्यजल वाहिन्या सुधारण्याच्या प्रकल्पाचा, निकष तोच, जुन्या वाहिन्या तर २५ मिमीच्या हिशोबाच्या. पण त्या वेळी समुद्र कुठे असेल, हे कॅल्क्युलेटर विचारतच नाही. मुंबईतल्या १८६ पातमुखांपैकी (जिथे वाहिन्यांचं पाणी बाहेर पडतं ती तोंडं) भरतीच्या पातळीच्या वर आहेत फक्त ६. बाकीच्यांवर भरतीला पाणी उलटं दाबतं, मग पाइप कितीही मोठा घाला. लेव्हल एका शून्यावर आणल्याशिवाय हे पडताळणार कसं?

लेव्हलची ही तक्रार मी पावसाळ्याच्या तोंडावरच लिहून ठेवली होती आणि दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. मग एक प्रकार घडला.

रस्त्याकडची गटार उथळ निघाली, उतार बसेना. ड्रेनेज सल्लागाराने परस्पर शेवटचं चेंबर मागे नेलं आणि पाणी थेट नाल्यात सोडलं. त्याच्या बाजूने बरोबरच होतं, लांबी कमी, उतार झकास. सुधारित नकाशा चढवताक्षणी सॉफ्टवेअरने सीआरझेडच्या फाइलवर लाल खूण टाकली आणि पुढचा टप्पा अडवला: काम कांदळवनाच्या (त्याच तिवरांच्या) ५० मीटर पट्ट्यात जातंय. हे आमच्या नजरेतून सुटलं असतं असं नाही, पण तोवर नकाशा पालिकेत पोचला असता. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या पट्ट्यात कुंपण सोडून दुसरं काही बांधायचं तर प्रकल्प सार्वजनिक हिताचा असावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते. खासगी सोसायटीच्या पाइपाला ती कोण देणार?

विशेष म्हणजे सुरुवातीला हा पट्टा सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा होता. केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तरच तो पट्टा धरला जायचा. आपल्याकडे झुडूप लहान म्हणून सूट नाही. निकालाची प्रत पाठवली, तर त्यांनी चटकन दुरुस्त केलं. म्हणजे मनात आणलं की जमतं. ड्रॉपडाउनच तेवढा जड जातो.

शेवटी चेंबर पुढे आणलं, प्लॉट आणखी उचलला. उचलल्यावर शेजारच्या जुन्या सोसायटीत पाणी घुसायला नको, म्हणून भिंतीलगत जाळीची नाली काढली. त्यांच्या अध्यक्षांनी तरी दोन पत्रं लिहिलीच.

बाकी किरकोळ. मोबाइल अ‍ॅप हळू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आठवणी रविवारी सकाळीही येतात, त्या बंद केल्या. पालिकेच्या ऑटोडीसीआरशी (नकाशे मंजुरीची ऑनलाइन यंत्रणा) किंवा केंद्राच्या पर्यावरण परवानग्यांच्या परिवेश पोर्टलशी काही जोडलेलं नाही, तिथली स्थिती पाहून आपणच भरायची. विकताना मात्र 'सगळं एकाच पडद्यावर' असं सांगतात.

खाडी-नाल्यापासून लांबचा प्लॉट असेल तर पैसे घालू नका, एक्सेल पुरतं. दोन्ही फाइली एकाच प्लॉटवर भिडत असतील तर घ्या, पण लॉगिन एकच. आमची तीन होती, दोन बंद केली. वाढीव दराला नाही म्हणालो, त्यांच्या माणसाने "वरिष्ठांना विचारतो" म्हणून संध्याकाळी जुन्याच दराचं बिल पाठवलं. तुम्हीही मागा, देतात.