जनुकीय चाचणी की कॅल्प्रोटेक्टिन?

सख्ख्या भावाला क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ दाह होणारा आजार) निघाला. आता आपली जनुकीय चाचणी करावी की शौचाची कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याला दाह असला की शौचात वाढणारं प्रथिन) तपासणी, असं एकीनं विचारलं.

आधी उत्तर किती कामाचं ते बघू. जनुकीय चाचणी फक्त कल सांगते. एनओडी२ जनुकाचा क्रोन्सशी संबंध २००१ मध्ये कळला. पुढे आतड्याच्या दाहाशी जोडलेल्या २००हून अधिक जागा जनुकसंचात सापडल्या, पण बहुतेकींचा वाटा चिमूटभर. एनओडी२मधले बदल असूनही बहुतेकांना आजार होत नाही. एकसारख्या जुळ्यांत एकाला क्रोन्स असला तरी दुसरा बऱ्याचदा सुटतो. मग ‘जोखीम जास्त’ किंवा ‘जोखीम कमी’ या शिक्क्याला अर्थ काय?

कॅल्प्रोटेक्टिन आज दाह आहे का, ते दाखवतं. मात्र जंतुसंसर्गानं किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही ते वाढतं.

टिकाऊपणात जनुकं पुढे, एकदाच तपासायची. दाह मात्र बदलतो.

जुलाब, रक्त, वजन घटणं असेल तर डॉक्टरांना दाखवून कॅल्प्रोटेक्टिन. काहीच त्रास नसेल तर माझ्या मते दोन्ही नकोत. जनुकीय तपासणी खरी उपयोगी तान्ह्या वयात आजार सुरू झालेल्या बाळांना, आणि अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करण्याआधी रुग्णाला (टीपीएमटी, एनयूडीटी१५ ही शरीर ते औषध कसं पचवतं ते सांगणारी जनुकं). म्हणजे तिच्यापेक्षा भावालाच.