देवळाईतील चिंच आणि ग्रामपंचायतीचा शिक्का

छत्रपती संभाजीनगरच्या देवळाईतील आमच्या प्लॉटच्या कडेला चिंचेचे जुने झाड होते. घराची आखणी करताना ते नेमके जिन्याच्या जागी येऊ लागले आणि मिस्त्रीच्या ओळखीने एक लाकूड ठेकेदार आमच्याकडे आला. "सर, तुम्ही कार्यालयात चकरा कशाला मारता? परवानगी, तोडणी, गाडी, सगळं माझ्याकडं," असे म्हणून त्याने परवानगीचे शुल्क म्हणून 18,000 रुपये रोख नेले. चौथ्या दिवशी त्याने जावक क्रमांक, सही आणि गोल शिक्का असलेला कागद आणून दिला. शिक्का ग्रामपंचायतीचा होता.

येथेच मी थांबायला हवे होते. देवळाई आणि शेजारचा सातारा परिसर येथील ग्रामपंचायती केव्हाच गेल्या. आधी नगर परिषद झाली आणि पुढे हा सारा भाग महापालिकेत आला. आम्ही जुने लोक बोलताना अजूनही गावच म्हणतो, आणि त्या सवयीवरच त्याचा धंदा चालतो.

महापालिका हद्दीत झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा अधिनियम लागू असून, स्वतःच्या जागेतील झाडासाठीसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. त्यानंतर जागेची पाहणी होते, वर्तमानपत्रात सूचना येते आणि तोडायच्या झाडावरही सूचना चिकटवून हरकती मागवल्या जातात. हे मला नंतर वाचून कळले. आमच्या चिंचेवर एक चिठोरेदेखील लागले नव्हते, आणि पाहणीला कोणी आले नाही याचे आश्चर्य वाटण्याऐवजी काम लवकर झाले याचाच मला आनंद झाला होता.

दीड दिवसात झाड आडवे झाले. मजुरी लाकडात वळती करू, असे त्याने आधीच ठरवून घेतले होते. चिंचेचे लाकूड जड आणि चिवट असते. पूर्वी तेलाच्या घाण्यासाठी आणि आजही खाटकाच्या ओंडक्यासाठी त्याला मागणी असते. म्हणजे शुल्काचे पैसेही त्याचे आणि बुंधाही त्याचाच. मी मात्र फांद्या त्याने फुकट उचलल्या म्हणून त्याला चहा पाजला.

कोणीतरी तक्रार केल्यावर पथक आले आणि पंचनामा झाला. नोटीस माझ्या नावाने निघाली, कारण जागा माझी आहे. ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद आहे. 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांवरील झाड वारसा वृक्षांत मोडते आणि भरपाईची लागवड झाडाच्या वयाइतकी करावी लागते. आमच्या शेजारच्या आजी लग्न होऊन आल्या तेव्हाही ही चिंच डेरेदार होती. तेवढी रोपे लावायला माझ्या प्लॉटवर जागा कुठली?

पोलिसांत मी तक्रार दिली आहे, परंतु रोख रकमेची पावती माझ्याजवळ नाही. परवानगीचे पैसे फक्त महापालिकेच्या खिडकीवर, स्वतःच्या नावाची पावती घेऊन भरावेत, आणि कोणी कागद आणून दिला तर त्यावरील जावक क्रमांक कार्यालयात जाऊन पडताळल्याशिवाय झाडाला कुऱ्हाड लावू देऊ नये. गेल्या आठवड्यात बीड बायपासलगतच्या एका वसाहतीत हाच मनुष्य कडुनिंबाला दोरी गुंडाळून घेर मोजत होता, असे मिस्त्रीने सांगितले.