‘उद्या येतो’चं इंग्रजी: नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका वर्गाबद्दल

भविष्यकाळ म्हणजे ‘विल’ हे शाळेतलं समीकरण मोडायला हा स्पोकन इंग्लिशचा वर्ग दीड-दीड तासाच्या चार तासिका देतो. त्यातल्या तीन तरी सत्कारणी लागतात, कारण सुरुवात मराठीपासून होते. बेल वाजली की आपण ‘मी बघतो’ म्हणतो. रूप वर्तमानाचं, पण ठरवलं त्याच क्षणी; म्हणून इंग्रजीत ‘आय्ल गेट इट’. ‘शनिवारी पुण्याला जातोय’ म्हणजे तिकीटसुद्धा काढलंय, तेव्हा ‘आय अ‍ॅम गोइंग टू पुणे ऑन सॅटर्डे’. इथे ‘विल’ घातलं की बेत आत्ताच सुचल्यासारखा वाटतो. पंचवटी एक्स्प्रेसच्या वेळापत्रकातल्या वेळेसाठी मात्र नुसतं ‘लीव्हज’.

‘गोइंग टू’ची तासिका सर्वांत सरस. फळ्यावर रामकुंड, आणि ज्याच्यावरून नाशिककर पूर मोजतात त्या तिथल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला गोदेचं पाणी. ‘लुक, इट्स गोइंग टू रीच हिज चेस्ट!’ पाणी डोळ्यांदेखत चढतंय, म्हणून ‘गोइंग टू’. घरात बसून नुसता अंदाज बांधायचा तर ‘आय थिंक द रिव्हर विल राइज’. नाशिककराला हा फरक दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

उच्चाराची मेहनतही खरी. ‘आय विल कम’मधला ‘विल’ सुटा आणि ठासून म्हटला की ऐकणाऱ्याला बजावल्यासारखं वाटतं, म्हणून ‘आय्ल’ जिभेवर बसेपर्यंत घोटून घेतात.

छापील टिपणात मात्र ‘-ईन म्हणजे विल, -णार म्हणजे गोइंग टू’ असं दिलंय, ते खोडून टाका. सिंहस्थाची मुख्य स्नानं 2027 मध्ये ‘होणार आहेत’, पण इंग्रजी बातमीत सरळ ‘विल बी हेल्ड’ येतं.

त्याहून मोठी उणीव म्हणजे ‘इफ’, ‘व्हेन’, ‘अंटिल’ यांना जेमतेम दहा मिनिटं. आपली माणसं अडखळतात ती तिथेच. ‘घरी पोचलो की फोन करतो’चं ‘व्हेन आय विल रीच होम’ होतं. ‘पाऊस आला तर’चं तसंच ‘इफ इट विल रेन’. हवं ‘व्हेन आय गेट होम, आय्ल कॉल’ आणि ‘इफ इट रेन्स’. ‘विल’ फक्त मुख्य वाक्यात. उलट ‘शॅल’वर अर्धी तासिका जाते, आणि रोजच्या बोलण्यात ‘शॅल वी स्टार्ट?’सारख्या प्रश्नापलीकडे त्याची फारशी गरज पडत नाही.

नाव घालताना ‘इफ-व्हेन’च्या सरावाला एक पूर्ण तासिका मिळेल का, एवढं आधी विचारून घ्या.