कव्हर काढून न पाहता घेतलेली लहान मुलाची कार सीट

खंबाटकी घाटात लेकीला उलटी झाली नसती, तर ती सीट आम्ही आजही वापरत असतो.

मुलगी सव्वा वर्षाची. पुण्याहून साताऱ्याला माहेरी महिन्यातून दोन फेऱ्या. दुकानात मनात भरलेली सीट १४,००० रुपयांची होती, म्हणून जुनी शोधली. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘फक्त सहा महिने वापरलेली, ४,५०० रुपये.’ विकणारा फोनवर म्हणाला, “ताई, माझ्या लेकरासाठीच घेतलेली. डोळे झाकून न्या.” संध्याकाळी एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, धड उजेड नसताना, सीट हातात पडली. कव्हर धुतलेलं, साबणाचा वास येत होता. बिल मागितलं तर म्हणे, घर बदलताना हरवलं. मी विश्वास ठेवला.

तीन महिने लेक त्यात बसली.

साताऱ्याला पोचल्यावर धुवायला म्हणून कव्हर पहिल्यांदा काढलं. डोक्याच्या उजव्या बाजूचा थर्माकोल उभा तडकलेला आणि खाकी टेपने चिकटवलेला. खालच्या काळ्या प्लॅस्टिकवर, गाडीचा पट्टा जातो तिथे, केसासारख्या पांढऱ्या रेघा. प्लॅस्टिकवर जोराचा ताण आला की अशा रेघा उमटतात. खांद्याचा एक पट्टा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला, तोही घरच्या मशीनवर शिवावा तसा. सीट उलटी केली तर तळाला, ती कधी बनली ते सांगणारा, घड्याळासारखा छोटा गोल होता: कडेला १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि साल २०१२. म्हणजे ‘सहा महिने’ हे निव्वळ खोटं.

माझे हातपाय गार पडले. हा थर्माकोल हेल्मेटमधल्यासारखाच असतो. धडकेत तो स्वतः चिरडून डोक्याला बसणारा मार कमी करतो, आणि हे काम तो एकदाच करू शकतो. म्हणूनच मोठ्या अपघातातून गेलेली सीट पुन्हा वापरत नाहीत. आम्ही मात्र त्यात लेकीला बसवून, पट्टे लावून, निर्धास्तपणे हायवेवर जात होतो.

त्या माणसाला फोन केला. “गाडी ठोकली होती का?” एवढंच विचारलं. त्याने फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. पैसे गेले त्याचं एवढं नाही. आपल्याही घरात लहान मूल असताना कुणी असं कसं विकू शकतं, हे मला अजून पचत नाही.

जुनी सीट घ्यायचीच असेल, तर घरच्या किंवा अगदी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, जो ‘अपघात झालेला नाही’ हे छातीठोकपणे सांगू शकेल. पैसे देण्याआधी, दिवसाउजेडी, त्याच्यासमोर कव्हर पूर्ण काढा. तो ‘परत बसवायला अवघड जातं’ म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा. युरोपीय मान्यतेच्या सीटवर नारिंगी लेबल असतं, त्यावर वर्तुळात इंग्रजी ‘ई’ आणि देशाचा आकडा. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. आमच्या सीटवर लेबलाच्या जागी नुसता चिकट डिंक उरला होता. पार्किंगमध्ये मोबाइलची बॅटरी मारली असती तरी दिसला असता.

आणि हो, नवीन सीट घेतलीत तरी मागे तोंड करून बसवायची सीट चालू एअरबॅगसमोर पुढे कधीच लावू नका. एअरबॅग फुटली तर थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

आम्ही नवीन सीट घेतली, हप्त्याने. जुनीचे सगळे पट्टे मी कात्रीने कापले, पाठीवर मार्करने मोठ्या अक्षरात ‘अपघातातली सीट, मुलाला बसवू नका’ लिहिलं, आणि मगच ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवली.